लाल गुंडी, लाल साय

मित्रांनो, माझ्यात आजवर कोणी घासभरही जेवलेलं नाही, तरी मी एक जुनी थाळीच आहे. वीतभर रुंद, हातभर लांब, काचेसारखी आरपार दिसणारी, पण काचेची नव्हे. पडले तर फुटत नाही, नुसता चरा उमटतो. माझ्या अंगावर ऐंशी खळगे आहेत, दहा-दहांच्या आठ ओळी. एका खळग्यात एक चिंचोका बसावा, एवढाच तो. मी नवी होते तेव्हा उन्हात धरलं की ऐंशी खळग्यांत ऐंशी सूर्य दिसायचे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तापवून मऊ केलेल्या जाड तावावर लोखंडी साचा दाबला गेला आणि मी तयार झाले. कशासाठी, ते मला कोणी सांगितलं नाही. पेंढ्यात गुंडाळून मला आधी जहाजात आणि मग रेल्वेत टाकलं. दुर्ग स्टेशनावर माझी पेटी उतरली तेव्हा १९५७ साल चालू होतं आणि पोळा जवळ आला होता.

भिलाई तेव्हा खेडं राहिलेली नव्हती आणि शहर झालेली नव्हती. पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडं पाहावं तिकडं उकरलेली लाल माती, लोखंडाचे ढीग, आकाशात फिरणारे क्रेनचे हात. पहिल्या भट्टीचा सांगाडा दर आठवड्याला आणखी उंच झालेला दिसायचा. आंध्रातले, पंजाबातले, छत्तीसगडचे, विदर्भातले हजारो लोक तिथं राबत होते आणि पत्र्याच्या, चटयांच्या झोपड्यांत राहत होते. मजुरांच्या कॅम्पात एक छोटा दवाखाना होता. त्याच्या टोकाच्या खोलीत मला पेटीतून बाहेर काढलं ते सत्यशीलानं.

सत्यशीला नागपूरला रक्त तपासायचं शिकून आलेली मुलगी. उंच, सावळी, कामाला वाघ. तिनं मला गरम पाण्यानं धुतलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे तं आप्प्याचं भांडं दिसून राहिलं!"

डॉक्टर शामसुंदर देशकर हसले. तेही नुकतेच आले होते, माझ्याच गाडीनं. "आप्पेच करायचे आहेत, सत्यशीलाबाई. पण रक्ताचे."

मी पोचले तेव्हा ताप ओसरत आला होता, पण भीती ओसरली नव्हती.

तो ताप साऱ्या जगात फिरत होता. उन्हाळ्याच्या शेवटी तो बोटींतून मद्रासला उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून गावोगाव गेला. भिलाईत जेठ महिन्यात माणसं पटापटा आडवी झाली. अंग ठणकायचं, डोकं फुटायचं, खोकला थांबायचा नाही. पुष्कळ जण चार दिवसांनी उठून कामाला लागले. काही उठले नाहीत. दवाखान्यात दाखल झालेल्या दर पंचवीस रोग्यांमागं एक दगावला होता. हा आकडा बाहेर फुटला आणि कॅम्पाची झोप उडाली. पंचवीसांत एक! आपल्या रांगेत माणसं किती? दोनशे. म्हणजे आठ जाणार. लोक बोटांवर हिशेब करायचे, एकमेकांच्या तोंडाकडं पाहायचे आणि गाठोडं बांधून स्टेशनाच्या रस्त्याला लागायचे.

माझ्या खोलीच्या खिडकीतून समोर एक सार्वजनिक नळ दिसायचा आणि नळापलीकडं रुक्माबाईची खानावळ. खानावळ म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, दोन चुली. रुक्माबाई भंडाऱ्याकडची. नवरा टिकाराम नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर, आठवड्यातून एकदा यायचा. ती एकटी तीस-चाळीस मजुरांचं जेवण रांधायची. तिच्या हाताला चव होती, म्हणून जातीपातीचं बोलणारेही मुकाट्यानं येऊन जेवायचे. पण मी आले तेव्हा तिच्या चुलीतून धूर निघत नव्हता. नळावर तिची घागर दिसत नव्हती. ती दूरच्या नाल्यावरून पाणी आणायची.

का, ते सत्यशीलानं मला धुता धुता डॉक्टरांना सांगितलं.

रुक्माबाईकडं जेवणाऱ्यांत दयाराम नावाचा तरणाबांड खलाशी होता, उंचावर लोखंडी तुळया चढवणारा. मुकादम भय्याजींचा धाकटा भाऊ. भय्याजींनीच त्याला गावाहून आणलं होतं, त्यांच्याच झोपडीत तो राहायचा. ताप चढला तेव्हा भय्याजी कामावर होते. दयाराम जेवायला आला आणि खानावळीतच कोसळला. रुक्माबाईनं त्याला मागच्या खाटेवर निजवलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, चमच्यानं पेज पाजली. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. दोन दिवसांत पोरगा गेला, तिच्या हातावर मान टाकून.

भय्याजी धाय मोकलून रडले नाहीत. ते नळापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ह्याच बाईनं आनला बुखार. बुद्धपौर्णिमेले नागपूरले गेली अन् पदरात बांधून आनला. माह्या भावाले तिनंच खाल्लं."

रुक्माबाईनं आदल्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेतली होती. तिच्या घागरीपासून आपली घागर लांब ठेवायला काहींना आधीपासून कारण हवंच होतं, तापानं ते आयतं दिलं. गिऱ्हाइकं तुटली. कंत्राटदाराच्या माणसानं येऊन सांगितलं, दिवाळीच्या आत ही खानावळ इथून उठली पाहिजे.

"अन् ती काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई म्हनत नाही, साहेब. तिले सोताले वाटून राहिलं का खरंच आपनच आनला का काय." सत्यशीलाचा हात माझ्यावर जरा जोरात घासला गेला.

डॉक्टरांनी दवाखान्याची नोंदवही उघडून मेलेल्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पंचवीसांत एक हे खोटं नाही. पण ते फक्त खाटेवर पोचलेल्यांचं खरं आहे. जो घरी पडून उठला, त्याला आपण मोजलंच नाही. आणि ज्याला आपण आजारी पडलो हे कळलंसुद्धा नाही, त्याचं काय? ते आता रक्तालाच विचारू."

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझं काम सांगते. ते समजलं तेव्हा मी स्वतःच चकित झाले होते.

माणसाचं रक्त नळीत ठेवून दिलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, निवळ पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. दिसायला साधं पाणी. पण शरीर एखाद्या विषाणूशी झुंजून उठलं, की त्या विषाणूला नेमकं ओळखून धरणारे कण त्या पाण्यात राहून जातात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. ते कुठल्याही डोळ्याला दिसत नाहीत. दिसतात फक्त माझ्यासारखीच्या खळग्यात, तेही आडून.

सत्यशीला एका ओळीत एका माणसाचं सीरम घालायची, खळग्यागणिक पातळ करत. त्यावर त्या तापाचे निर्जीव केलेले विषाणू. आणि शेवटी कोंबड्याच्या रक्तातल्या लाल पेशी. हो, कोंबड्याच्या! खोलीमागं जाळीत एक तुरेवाला कोंबडा ठेवला होता. त्याच्या पंखाखालून चमचाभर रक्त काढलं की तो दिवसभर रुसून बसायचा, आणि सत्यशीला त्याला ज्वारी घालून समजावायची.

मग मला टेबलावर ठेवून सगळे दूर व्हायचे. धक्का लागायला नको, खिडकी आपटायला नको. सीरममध्ये प्रतिपिंडं नसली, तर विषाणू लाल पेशींना एकमेकींत गुंतवतात. त्या खाली घरंगळू शकत नाहीत, दुधावरच्या सायीसारखा पातळ लाल थर धरतात. पण प्रतिपिंडं असली, तर ती विषाणूला आधीच धरून ठेवतात. मोकळ्या पेशी घरंगळत तळाशी जमतात आणि तिथं एक नीटस लाल गुंडी होते, सदऱ्याच्या गुंडीसारखी. साय म्हणजे हा ताप या देहात कधी आलाच नाही. गुंडी म्हणजे येऊन गेला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात दवाखान्यानं दुसऱ्या तपासणीसाठी घेतलेली, बर्फाच्या पेटीत जपून ठेवलेली जुनी सीरम लावली. ताप भिलाईत यायच्या आधीची. "यांच्यात गुंडी दिसली तर आपली परीक्षाच चुकली," ते म्हणाले. मी श्वास रोखून धरला. ओळीमागून ओळ, सगळीकडं साय. फक्त एका ओळीच्या सुरुवातीला लहानशा, पण स्पष्ट गुंड्या.

ते रक्त गोदामाच्या म्हाताऱ्या चौकीदाराचं होतं, धोंडबाचं. डॉक्टरांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा गुंड्या. मग धोंडबालाच बोलावलं. त्याची पाठ कमानीसारखी वाकलेली होती, आपलं वय त्याला सांगता येत नव्हतं.

"बाबाजी, फार लहानपणी कधी मोठा ताप आला होता का? साऱ्या गावाला?"

धोंडबानं डोळे बारीक केले. "मी नागडा फिरो तवाची गोठ हाय. सारं गाव खाटीवर होतं. गाईचं दूध काढाले मानूस नोयता. माही माय म्हने, परदेसातून आली बिमारी." मग तो थबकला. "तुमाले कसं कयलं, साहेब? हे तं आता कोनालेच ठावं नाही. मीच भुललो होतो."

डॉक्टर खुर्चीवर मागं टेकले. त्यांचा चेहरा देवळात गेलेल्या माणसासारखा झाला होता. "मी नक्की काही सांगू शकत नाही," ते सत्यशीलाला हळूच म्हणाले. "पण कदाचित या तापाचा कोणी भाऊबंद साठ-पासष्ट वर्षांपूर्वी येऊन गेला असेल. माणूस विसरला, सत्यशीलाबाई. रक्त विसरलं नाही."

मित्रांनो, मी तर साच्यात दाबलेली एक थाळी. पण त्या दिवशी मला कळलं, की माझ्या या चिंचोक्याएवढ्या खळग्यात एका माणसाचं बाळपण मावतं.

मग कॅम्पातून रक्त गोळा करायचं काम सुरू झालं. डॉक्टरांचा एक हट्ट होता. आपणहून येईल त्याचं रक्त घ्यायचं नाही, आजारी दिसेल त्याचंही शोधून घ्यायचं नाही. झोपड्यांचे, क्वार्टरांचे, साहेबांच्या बंगल्यांचे सगळे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकले. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या दारात जायचं. "नाहीतर आपण आपल्याला हवं तेच मोजू," ते म्हणायचे.

भय्याजींची चिठ्ठी निघाली. त्यांचे मजूर सुईला भीत होते, म्हणून मुकादमानं आधी स्वतःची बाही वर केली. "घ्या. मले तं शिंकसुद्धा आली नाही औंदा. लोखंड हाय हे." दंडावर थाप मारून ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. भाऊ गेल्यापासून त्यांचे डोळे तसेच होते.

रुक्माबाईची चिठ्ठी निघाली नाही. ती स्वतःच आली. दारातच उभी राहिली.

"साहेब, माहंबी रक्त पायसान का?"

"तुमच्या घराची चिठ्ठी नाही निघाली, बाई. मोजणीत नाही धरता येणार."

"मोजनीत नोका धरू. मले फक्त येवढं सांगा, थो बुखार माह्यातून गेला का. मले निंद नाही येत. दयाराम माह्या हातावर गेला. माह्याचनं गेला असंन तं मले मालूम तं पाह्यजे."

डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं. तिचं रक्त सत्यशीलानं स्वतः काढलं. त्या नळीवर निळा दोरा बांधून ती वेगळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ माणसं माझ्यावर होती. वरच्या ओळीत रुक्माबाई. अगदी खालच्या ओळीत भय्याजी. मधे कोण कोण, एका रशियन इंजिनिअरची बायको, एक तेलुगू गवंडी, बंगल्यातला एक हेडक्लार्क. सगळी सीरम सारखीच पिवळी. कोणतं कोणाचं, ते ओळीवरच्या खुणेशिवाय देवालाही सांगता आलं नसतं.

पेशी बसायला लागल्या. सत्यशीला माझ्यावर वाकली आणि तिनं डॉक्टरांना हाक मारली.

रुक्माबाईची सगळी ओळ सायीची होती. पहिल्या खळग्यापासून शेवटच्या खळग्यापर्यंत. एकही गुंडी नाही.

आणि भय्याजींच्या ओळीत लाल गुंड्या, एकापुढं एक, ठसठशीत.

"पुन्हा लावा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा लावलं. मग नवं रक्त आणवून आणखी एकदा. साय ती साय, गुंडी ती गुंडी.

आधी रुक्माबाईला बोलावलं. डॉक्टरांनी मला उचलून तिला दाखवलं, साय म्हणजे काय ते समजावलं. "तुम्हाला हा ताप आलेलाच नाही. जो आलाच नाही तो तुम्ही आणणार कुठून? दयारामला तो तुमच्यापासून झालेला नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल. तिनं वाकून आपल्या ओळीतला एकेक खळगा पाहिला. मग म्हणाली, "दोन दिवस पोरगा माह्या मांडीवर खोकलला, साहेब. अन् मले काहीच कावून नाही झालं?"

"ते मला सांगता येत नाही. कधी कधी होतं असं."

"म्हंजे मी अजून कोरीच?"

"हो."

"अन् थो बुखार फिरून आला तं?"

डॉक्टरांना खोटं बोलता येत नसे. "येऊ शकतो. हिवाळ्यात येऊ शकतो. तुम्हाला जपायला हवं."

रुक्माबाई उठली. दारापाशी वळून तिनं विचारलं, "मंग मी सुटली का सापडली, साहेब?"

उत्तराची वाट न पाहता ती नळाकडं चालू लागली.

भय्याजींना सांगणं त्याहून अवघड होतं. सत्यशीला म्हणाली, "चार लोकांत सांगा, साहेब. त्यायनं चार लोकांत म्हटलं होतं." डॉक्टरांनी मान हलवली. "त्याचं रक्त त्याचं आहे. त्याला एकट्यालाच सांगायचं."

भय्याजी आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना गुंड्या दाखवल्या. "तुम्हाला हा ताप येऊन गेला आहे, भय्याजी. तुम्हाला कळलंही नाही, एवढा हलका."

आधी ते हसले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू सांडत गेलं. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं. त्या हातांना लोखंडाचा वास होता. त्यांनी मला खिडकीकडं तिरपं धरलं. माझ्या खळग्यांतल्या साऱ्या गुंड्या विस्कटल्या.

"म्हंजे माह्यापासून..." एकाच झोपडीत, एकाच चटईवर दोघं भाऊ निजायचे.

"नाही," डॉक्टर घाईनं म्हणाले. "तसं मुळीच म्हणता येत नाही. ही थाळी एवढंच सांगते, की ताप तुमच्यात येऊन गेला. आधी तुम्हाला की आधी त्याला, कुठं, कोणापासून, हे ती सांगत नाही. मीही सांगू शकत नाही. जगात कोणी सांगू शकत नाही. आजवर तपासलेल्यांत निम्म्यांच्या रक्तात गुंडी आहे, भय्याजी. बंगल्यांतही तेवढीच, झोपड्यांतही तेवढीच. त्याला कोणी आणलं नाही. तो आला."

"अन् थे बाई?"

तेवढं मात्र डॉक्टर सांगायला मोकळे होते, कारण रुक्माबाईनं स्वतःच नळावर उभं राहून सांगून टाकलं होतं. "तिच्या रक्तात ताप नाही."

भय्याजींनी मला टेबलावर अलगद ठेवलं आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जायला नळाची वाट सोडून लांबच्या वाटेनं जाऊ लागले. माफी मागायला आले नाहीत. काही माणसांचे पाय जड होतात, मित्रांनो.

इकडं मोजणी पुरी होत आली. मडक्यातल्या चिठ्ठ्यांप्रमाणं पाहिलं, तर कॅम्पातल्या जवळजवळ निम्म्या माणसांत ताप येऊन गेला होता. हजारोंत. दवाखान्यात पोचलेले त्यातले मूठभर. डॉक्टर आनंदानं गणित मांडू लागले, मग मधेच थांबले. "आजारी किती, ते घरोघर जाऊन मोजलं. मेले किती, ते मात्र अजून खाटेवरचेच धरतो आहोत. हे बरोबर नाही."

तेव्हा सत्यशीला कॅम्पातल्या अंजनाबाई सुइणीला बरोबर घेऊन पुन्हा दारोदार गेली. या वेळी सुई नव्हती, एकच प्रश्न होता: या उन्हाळ्या-पावसाळ्यात तुमच्या घरचं कोणी गेलं का? झोपडीत गेलेले सापडले. गावी परत जाऊन गेलेल्यांची खबर लागली. एक तान्हं मूल, ज्याचं नावही ठेवलेलं नव्हतं. सत्यशीला संध्याकाळी येऊन एकेक मृत्यू वहीत उतरवायची. दवाखान्याला माहीत होते त्यांच्या दुपटीहून जास्त माणसं त्या तापात गेली होती.

सगळं मिळून उत्तर आलं. ताप आलेल्या दर पाचशेंत सुमारे एक.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांनी नळापाशी लोकांना गोळा करून सांगितलं. पंचवीसांत एक नव्हे, पाचशेत एक. पळून जायचं कारण नाही. पण मग ते म्हणाले, "पाचशेत एक म्हणजे काही नाही, असं समजू नका. आपण इथं इतके जण आहोत, की तो एक पुष्कळ घरांत निघाला. त्याला नाव होतं." गर्दीच्या मागं भय्याजी उभे होते. त्यांनी टोपी काढली.

लोकांची गाठोडी सुटली. खानावळ उठवायचं कोणी पुन्हा काढलं नाही. नळावर बायकांनी रुक्माबाईला जागा दिली, काहींनी मनापासून, काहींनी तोंड फिरवून. चूल पेटली. गिऱ्हाईक मात्र निम्म्यानंच परतलं.

आणि पौषात ताप परत आला.

या वेळी लाट लहान होती, पण जे कोरे राहिले होते त्यांना ती शोधून काढत होती. डॉक्टरांनी गुंडीवाल्यांना बोलावलं. म्हणाले, "तुम्हाला हा ताप सहसा पुन्हा धरणार नाही. आजाऱ्याच्या घरात तुम्ही जाऊ शकता. पाणी द्या, पेज द्या, उठवून बसवा. कित्येक माणसं तापानं नाही, तहानेनं जातात." मजूर त्या घरांत शिरले, बायाही शिरल्या. भट्टीवर काम करणारे राकट हात मी खिडकीतून लोकांच्या दारात वाटी धरलेले पाहिले.

एका सकाळी रुक्माबाईची चूल पेटली नाही. सत्यशीला धावत गेली आणि तशीच धावत परत आली. "साहेब, अंग तव्यासारखं तापलं. धाप लागून राहिली. टिकारामभाऊ तिकडं नंदिनीले बिमार. मी जातो तिच्यापाशी."

"तुमच्याही रक्ताची ओळ सायीची निघाली होती," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जायचं नाही. मी तपासून येतो, पण तिच्याजवळ दिवसभर कोण बसणार?"

भय्याजी दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले होते, आपल्या गँगमधल्या एकाचं औषध न्यायला आलेले. ते उठले. कोणी सांगायची वाट त्यांनी पाहिली नाही. ते नळावर गेले, रुक्माबाईची घागर घासली, भरली, खांद्यावर घेतली आणि ताडपत्रीखाली वाकून आत शिरले.

त्यानंतरचं मी खिडकीतून पाहिलं आणि थोडं सत्यशीलाकडून ऐकलं. भय्याजींनी चूल पेटवली. त्यांना पेज करता येत नव्हती, तांदूळ करपवले, मग अंजनाबाईनं दारातून सांगितलं तसं पुन्हा रांधले. रुक्माबाईनं डोळे उघडून त्यांना पाहिलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. ते वाटी घेऊन तसेच बसून राहिले.

"बाई, दयारामले तू पाजली होती," ते शेवटी म्हणाले. "मी तवा कामावर होतो. आता मी कामावर नाही. पी."

ती प्याली.

चार दिवस तिचं काही खरं नव्हतं. पाचव्या दिवशी घाम फुटला. भय्याजी बाहेर आले, नळाखाली डोकं धरलं आणि तिथंच बसून लहान मुलासारखे रडले. भाऊ गेला तेव्हा न रडलेलं सगळं त्या दिवशी वाहून गेलं.

होळीच्या सुमारास रुक्माबाई पुन्हा माझ्या खोलीत आली. वाळली होती, पण चालत आली. "साहेब, अजून एक डाव पायजा."

सत्यशीलानं दोन ओळी लावल्या. वर तिचं भाद्रपदातलं जपून ठेवलेलं सीरम, खाली आताचं. तीच बाई, तेच रक्त, मधे एक हिवाळा. मग डॉक्टर, सत्यशीला आणि रुक्माबाई माझ्याभोवती उभे राहिले. बाहेर भट्टीच्या सांगाड्यावर हातोडे पडत होते, पण खोलीत धक्का लागेल म्हणून तिघं पाय न हलवता उभे होते.

वरच्या ओळीत साय धरली. खालच्या ओळीत पेशी घरंगळल्या, जमल्या, आणि एकेक करत लाल गुंड्या उमटल्या, सीरम इतकं पातळ होत जाऊनही थेट आठव्या खळग्यापर्यंत.

रुक्माबाईनं बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. "येवढं सारं माह्या अंगात झालं?" ती म्हणाली. "अन् मले वाटे मी नुस्ती पडून होती."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. भट्टी पेटली, पोलाद वाहिलं, झोपड्यांच्या जागी सेक्टर झाले, कॅम्पातला दवाखाना मोडून मोठं रुग्णालय आलं. माझ्याहून हलक्या, वापरून टाकून द्यायच्या थाळ्या आल्या आणि मी पिवळी पडले. कोणी माझ्यात टाचण्या ठेवल्या, कोणी चावीचा गुच्छ. मोडीत निघाले तेव्हा सत्यशीलानं, तिचे केस तोवर पिकले होते, मला घरी नेलं आणि पुढं एका शाळेला दिलं. आता चित्रकलेच्या तासाला मुलं माझ्यात रंग कालवतात. मला त्याचा राग नाही. फक्त रंग वाळू देऊ नका, तास संपला की धुऊन ठेवा, चऱ्यांत रंग बसला की दुखतं.

आणि मित्रांनो, एक मागणं. तुमच्याही गल्लीत कधी असा ताप येईल. त्या दिवशी आकडे ऐकाल तेव्हा विचारा, यात कोणाला मोजलं आणि कोण मोजायचं राहिलं. 'कोणी आणला?' असं विचारणारे पुष्कळ भेटतील, तुम्ही त्यांच्यात उभे राहू नका. त्या सकाळी कोणाच्या घरातून धूर निघाला नाही, ते पाहा. आणि तुम्ही बरे होऊन उठला असाल, तर त्या दारात आधी तुम्ही जा.